माझं शेवटचं प्रकरण

साल होतं दोन हजार तीन. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. त्या श्रावणात माझ्यावर जो आळ आला, तो अजून उतरलेला नाही.

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे. ग्रीक लोकांच्या एका प्राचीन युद्धाचं महाकाव्य माझ्यात साध्या मराठीत सांगितलं आहे. परसराम गुरुजींनी मला नागपूरच्या रद्दीच्या दुकानातून आणलं. सिहोऱ्याजवळच्या त्यांच्या गावात श्रावणातल्या रविवारी दुपारी त्यांच्या ओसरीवर पोथी वाचली जाई. "यंदा परदेशची वाचू, आणि तिच्यावर बोलूही," गुरुजी म्हणाले. बायांनी मला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. मला फार बरं वाटलं.

वाचनापेक्षा चर्चाच रंगायची. अपमान झाला म्हणून एक वीर लढाई सोडून तंबूत बसला, तेव्हा रंभाबाई म्हणाल्या, "हा तं आपला धनीराम! भाजीत मीठ कमी पडलं का ताटावरून उठते."

"मावशी, मी इथंच बसलो आहो ना जी!" धनीराम म्हणाला. सारी ओसरी हसली. त्याचा धाकटा भाऊ सेवकराम मात्र हसला नाही. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं बोलणं बारा वर्षं बंद होतं. त्यांची आई सत्यभामाबाई दोघांच्या मधे बसे. दोन्ही लेक एका छपराखाली येत ते तेवढ्याच वेळी.

चौथ्या रविवारी गोष्टीतला म्हातारा राजा शत्रूच्या तंबूत गेला. त्याच रागावलेल्या वीराने पोराला मारलं होतं, त्याच्याकडेच पोराचं प्रेत मागू लागला. गुरुजींनी तिथे मला मिटलं. "पुढचं पुढच्या रविवारी." ही त्यांची खोड.

मंगळवारी सेवकरामने धुरा कोरला. धनीरामने फावडं उगारलं. भावाचा हात मोडला. आणि गाव काय म्हणालं? "लढाईची पोथी घरात वाचली, म्हणून झालं!" भांडण बारा वर्षांचं, मी आलो महिन्यापूर्वी, आणि दोष माझा! फावड्याला कुणी बोल लावला नाही.

सत्यभामाबाई गुरुजींच्या दारी आल्या. "गुरुजी, त्या म्हाताऱ्याले पोरगं भेटलं का नाही? माह्या दोघाइले बसवून तेवढं वाचा."

"राहू द्या बाई. लोक नावं ठेवून राहिले."

"तं मले एकटीले सांगा. तुमाले माहीत आहे ना? काहून भेता जी?"

गुरुजींनी त्यांच्यादेखत मला पेटीत टाकलं. गावाचा मला राग आहेच, पण त्याहून जास्त या शिकलेल्या माणसाचा आहे. माझ्या शेवटच्या प्रकरणात तो वीर राग सोडतो, म्हाताऱ्यासोबत रडतो, त्याला जेवू घालतो, पोरगं परत देतो. एका वाक्यात सांगता आलं असतं.

मित्रांनो, मला वाळवीपासून जपा असं मी म्हणत नाही. मला अर्ध्यावर मिटून माझ्यावर खापर फोडू नका, एवढंच म्हणतो.

गुरुजी चार वर्षांनी वारले. रंभाबाई लेकीकडे तुमसरला राहायला गेल्या. सेवकरामचा हात वाकडाच जुळला. आपला हिस्सा विकून तो तुमसरच्या राईस मिलमध्ये कामाला लागला. धनीराम गावातच आहे. धुरा त्याला हवा तिथे आहे, जेवायला मात्र तो एकटाच बसतो.

सत्यभामाबाई दोन हजार नऊत वारल्या. तोवर वाचता येणारं कुणीही भेटलं की त्या विचारायच्या, "त्या म्हाताऱ्याले पोरगं भेटलं का जी?" लोकांना वाटायचं, म्हातारीला भ्रम झाला.