हजार एक सुपाऱ्या

रेवदंड्याजवळच्या भागोजींचा हजार एक या आकड्यावर फार जीव. मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढल्या वर्षी त्यांच्या राहीची सोयरीक ठरत आली, तेव्हा त्यांनी जाहीर केलं की व्याह्यांना आपल्या वाडीतल्या बरोबर हजार एक सुपाऱ्या द्यायच्या. ही संख्या कोणाला वाटताच येत नाही, म्हणजे लेकीचं घरही कधी वाटलं जाणार नाही.

यामागे जुनं दुखणं होतं. भागोजी आणि त्यांचा भाऊ वेगळे झाले तेव्हा भातखाचरं निम्मी निम्मी झाली, पण फणसाचं झाड होतं एकच. त्या फणसापायी दोघांचं बोलणं तुटलं. तेव्हापासून वाटणीचं नाव काढलं की भागोजींचं डोकं फिरे.

आकडा त्यांनी तपासला होता म्हणा. निम्मा करून पाहिला, पाव केला, तिसरा आणि पाचवा हिस्साही काढला, काही जमेना. सातवा हिस्सा काढायचं त्यांच्या मनातच आलं नाही, कारण गावात सात वाटे कधी कोणी पाहिलेच नव्हते. राहीने मात्र सुपाऱ्या निवडता निवडता सातचा पाढा लावला आणि हजार एक त्यात चोख बसले. व्याही व्हायचे त्या रावजींना मुलगे होते सात. त्यातला पाचवा, नामा, तिच्यासाठी ठरत होता आणि तो तिला मनापासून आवडलाही होता. बापाला कळलं तर सोयरीक मोडणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती मूग गिळून बसली.

सुपारी फोडायच्या दिवशी रावजी सातही मुलगे घेऊन आले. त्यांच्याकडे एक रीत होती: घरात आलेली वस्तू आधी सगळ्या मुलांपुढे सारखी मांडायची, मग एकाच कोठीत टाकायची. भागोजी ऐटीत म्हणाले, मांडून दाखवाच.

चटईवर सात ढीग लागले. प्रत्येकात एकशे त्रेचाळीस, आणि मधे एकही सुपारी शिल्लक नाही.

भागोजींचं तोंड उतरलं. हे घर फुटणार, असं पुटपुटत ते उठायलाच लागले. आता मात्र राहीच्याने गप्प बसवेना. ती सगळ्यांदेखत पुढे आली.

"बा, वाटनी झाली म्हनून तुमचं भांडान झालं न्हाय. एक फनस उरला म्हनून झालं. हितं काय उरलंय, सांगा."

भागोजींनी सातही ढिगांमधली रिकामी चटई न्याहाळली. मग गुमान खाली बसले, हाताशी होता त्या नामाच्या ढिगातली एक सुपारी उचलली आणि अडकित्त्यात धरून फोडली. सोयरीक पक्की झाली. बायकांनी गूळ वाटायला घेतला.

राहीच्या मनात तेवढ्यात हिशेब झालाच. उरल्या हजार, आणि हजार काही सातांत बसत नाहीत. त्यातून कमी पडली ती नेमकी नामाला. तिने धास्तावून त्याच्याकडे पाहिलं, तर नामा आपला ढीग शेजारच्या भावाच्या ढिगात लोटून हात झटकत होता.