पार्सिपनीत मान्यता मिळालेला देश

नीला सबनीस एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होती. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्या त्यांना गोड शब्दांत कळवायच्या, हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे अमेरिकेतल्या पार्सिपनी गावच्या मराठी मंडळाने संक्रांतीच्या कार्यक्रमातली प्रश्नमंजूषा तिच्यावर सोपवली तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. संक्रांत होऊन महिना झाला होता, रथसप्तमीही उलटली होती. पण शाळेचा हॉल मिळेल तेव्हा सण, असं मंडळाचं पंचांग होतं. हॉल मिळाला तो २००८ सालच्या सतरा फेब्रुवारीला, रविवारी.

नीलाने प्रश्न काढताना नवऱ्यालाही जवळ फिरकू दिलं नव्हतं. शैलेंद्र चहाचा कप घेऊन आला तरी ती लॅपटॉप मिटून घ्यायची. प्रत्येक उत्तर तिने दोन-दोन ठिकाणी पडताळलं होतं. भूगोलाची फेरी तर तिच्या खास अभिमानाची, म्हणून ती तिने शेवटी ठेवली होती.

अंतिम सामन्यात दोन संघ उरले. एक 'अनुभवी', म्हणजे प्रल्हादकाका देवधर आणि त्यांचे ब्रिज खेळणारे मित्र. काका चाळीस वर्षांपूर्वी सांगलीहून इंजिनियर होऊन आलेले, आता निवृत्त, आणि कुठल्याही विषयावर शेवटचा शब्द आपलाच असावा असं मानणारे. दुसरा संघ 'नवखे', नेवार्कमध्ये एमएस करणाऱ्या मुलामुलींचा. त्यांची म्होरकी चैत्राली. बोलायला फटकळ, आणि काकांना अजिबात न घाबरणारी.

गुण बरोबरीत आले. शेवटचा प्रश्न. नीलाने घसा साफ केला.

"आजच्या घडीला जगातला सर्वांत नवा देश कोणता?"

चैत्रालीने घंटीवर थाप मारली. "कोसोव्हो!"

"चूक," नीला म्हणाली. "अनुभवी?"

"माँटेनेग्रो," काका खुर्चीत रेलून म्हणाले. "दोन हजार सहा. सर्बियातून फुटला."

"बरोबर! दहा गुण आणि विजेतेपद..."

"एक मिनिट, नीलाताई!" चैत्राली उभीच राहिली. "कोसोव्हो आज सकाळी सर्बियापासून स्वतंत्र झाला. इकडे येताना आम्ही रेडिओवर ऐकलं. विचारा सत्यजितला."

तिच्या संघातल्या सत्यजितने आपला ब्लॅकबेरी फोन उंच धरला. शैलेंद्र गुण लिहायचं सोडून तिकडे धावला, पडद्यावरची बातमी वाचली, आणि बायकोकडे बघून त्याने हळूच मान डोलावली. दोन-दोन ठिकाणी पडताळलेलं उत्तर ती सकाळी आंघोळीला गेली असताना शिळं झालं होतं.

"जाहीर केलं म्हणजे देश झाला का?" काका गरजले. "उद्या मी माझं बॅकयार्ड स्वतंत्र म्हणून जाहीर करीन. मग लिहाल का ॲटलासमध्ये?"

"काका, तुमच्या बॅकयार्डमध्ये वीस लाख लोक राहत नाहीत."

"गणपतीच्या जेवणाला येतात तेवढे!"

हॉलमध्ये हशा पिकला. पण काका चेष्टेत नव्हते. "देश असा होत नाही, मुली. दुसऱ्या देशांनी मान्यता द्यावी लागते. आणि त्याला समुद्र तरी आहे का? चारी बाजूंनी जमीन! हा काय देश झाला? हे नागपूर झालं."

"नागपूरला काय झालं हो?" मागच्या रांगेतून एक बाई ताडकन म्हणाल्या, आणि मग हॉल दोन भागांत विभागला गेला. कुणी म्हणे बातमी आली म्हणजे आली. कुणी म्हणे भारताने मान्य केल्याशिवाय मंडळाने घाई करू नये. कुणी म्हणे आपण राहतो अमेरिकेत, तेव्हा अमेरिकेचं बघा. अमेरिकेनेही अजून काही म्हटलेलं नव्हतं. सगळे नीलाकडे बघायला लागले. परीक्षकाचा निर्णय अंतिम, हा नियम तिनेच कार्यक्रमाच्या सुरुवातीला वाचून दाखवला होता.

"आपण आधी जेवून घेऊ," नीला म्हणाली.

त्यातही अडचण होती. मोठ्यांसाठी मसालेभात आणि श्रीखंड-पुरी तयार होतं, पण मुलांच्या पिझ्झ्यांचा पत्ता नव्हता. जेवणाची व्यवस्था बघणारी नंदा स्वयंपाकघराच्या दारात फोन कानाला लावून उभी होती. तिचा चेहरा लाल झाला होता.

"सकाळपासून फोन करतेय. मशीनच बोलतंय. यांना दुकानावर पाठवलं, तर दुकान बंद! शटरवर झेंडा लावलाय म्हणे. लाल, वर दोन तोंडांचा गरुड."

"इटलीचा झेंडा तसा नसतो," शैलेंद्र म्हणाला.

"मला त्या गरुडाशी काय करायचंय? पिझ्झा कुठाय? आता परत मेसेज ठेवते. चांगला ठेवते!"

तिने तो इतका चांगला ठेवला की जवळच्या दोन-तीन आयांनी मुलांना लांब नेलं. मुलं श्रीखंडाकडे बघून "इज इट योगर्ट?" असं विचारत होती आणि पुरीचा चेंडू फोडून टाळ्या वाजवत होती.

सगळ्यांची पानं निम्मी झाली असतील नसतील, तोच हॉलचं दार धाडकन उघडलं. पिझ्झावाला टोनी आत आला. रूट फॉर्टी-सिक्स हायवेवरचं त्याचं दुकान मंडळाच्या नेहमीच्या ओळखीचं होतं. पण आज टोनी ॲप्रनमध्ये नव्हता. काळा सूट, लाल टाय, आणि हनुवटीपर्यंत येणारी खोक्यांची चळत. ती टेबलावर ठेवून तो नंदासमोर छातीवर हात ठेवून वाकला.

"मॅडम, माफ करा. मी ऑर्डर विसरलो. तुमचे मेसेज ऐकले. सगळे ऐकले." इथे त्याने डोळे मिटले. "आज बिल नाही. आज माझा देश जन्माला आला."

नंदाने हातातला फोन खाली ठेवला. "म्हणजे... तू इटालियन नाहीस, टोनी?"

"टोनी पिझ्झ्यासाठी. माझं नाव बेसिम. मी कोसोव्होचा."

चैत्रालीने अशी किंकाळी मारली की एका मुलाच्या हातातला स्लाइस खाली पडला. काकांनी शांतपणे बोटं पुसली, पान बाजूला सारलं आणि समोरची खुर्ची बेसिमला दाखवली.

"बसा," ते इंग्रजीत म्हणाले. "मला काही प्रश्न विचारायचे आहेत. तुमच्या देशाला राष्ट्रगीत आहे?"

"अजून नाही."

"घटना?"

"येतेय, असं म्हणतात."

"नाणं?"

"युरो. पण तो आमचा नाही."

काकांनी विजयी मुद्रेने हॉलभर नजर फिरवली. "सैन्य? समुद्र? झेंडा तरी?"

"समुद्र नाही. डोंगर खूप, हिवाळा लांब. झेंडा आहे, आजच ठरला." बेसिम जरा अवघडला. "निळा आहे, सहा तारे आहेत. खरं सांगू? मला तो आमचा जुना लालच आवडतो, दुकानावर लावलाय तो. बायको म्हणाली, पहिल्याच दिवशी तक्रार नको."

"सरकार कोण चालवतं?"

"सगळेच. माझ्या गावात पाच माणसं जमली की त्यातले सहा पुढारी असतात."

"अगदी आपल्या मंडळासारखं," शैलेंद्र पुटपुटला. मंडळाच्या अध्यक्षांनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

"आणि लोक कसे आहेत?" हे नीलाने विचारलं. का विचारलं ते तिलाही कळलं नाही. यादीतला प्रश्न नव्हता तो.

बेसिमने जरा विचार केला. "तरुण. मोठ्याने बोलणारे. दाराशी आलेल्या पाहुण्याला न जेवता परत जाऊ देत नाहीत. माझी आई तिथेच आहे. आज सकाळी फोनवर ती काही बोललीच नाही, नुसता फोन खिडकीबाहेर धरला. बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मी इथे दुकानात उभा राहून तेवढेच ऐकत होतो. मग दुकान बंद केलं. तुमचे पिझ्झे... ते डोक्यातच राहिले नाहीत."

प्रल्हादकाका चष्मा काढून पुसत बसले. तो स्वच्छच होता.

"स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो," ते एकदम मराठीत म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही. "शाळेत आम्हाला रांगेत उभं करून पेढा दिला. सांगली तेव्हा संस्थान. आमचं पुढे काय होणार, राजेसाहेबांचं काय होणार, कुणालाही धड माहीत नव्हतं. मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, आधी पेढा खा."

मग त्यांनी स्वतःच्या ताटातली तिळगुळाची वडी उचलली आणि बेसिमच्या हातावर ठेवली. "काँग्रॅच्युलेशन्स," ते म्हणाले. लगेच नीलाकडे वळून, बोट वर करून: "हे व्यक्तिशः. गुणांशी याचा संबंध नाही."

नीला उठून माइकपाशी गेली. टेस्टरला स्वतःची चूक कबूल करायचीही सवय असावी लागते.

"प्रश्नात 'आजच्या घडीला' असे शब्द होते," ती म्हणाली. "ते मीच घातले होते. चैत्रालीचं उत्तर बरोबर, माझं चूक. नवखे विजयी."

विद्यार्थ्यांनी बेसिमलाच खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. तो बराच वजनदार निघाला, तेव्हा त्याला मध्ये घालून लेझीमच्या तालावर नाचण्यावर भागलं. पाचव्या मिनिटाला तो त्यांना त्याच्या गावचा नाच शिकवत होता. हातात हात गुंफून गोलात करायच्या त्या नाचात नंदाही होती. प्रल्हादकाका मात्र मान्यता या विषयावर अध्यक्षांना कोपऱ्यात घेऊन बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी प्रेसिडेंट्स डेची सुट्टी होती. दुपारी अमेरिकेने कोसोव्होला मान्यता दिल्याची बातमी आली, आणि थोड्याच वेळात नीलाचा फोन वाजला.

"प्रल्हाद देवधर बोलतोय. माझं मत बदललेलं नाही, हे आधी नोंदव."

"बरं, काका."

"पण मी अमेरिकेचा नागरिक आहे. माझ्या सरकारने मान्य केलं म्हणजे मलाही करणं भाग आहे. प्रश्न रत्नाचा आहे."

"काकूंचं काय?"

"तिने अजून भारताचा पासपोर्ट सोडलेला नाही. भारताने मान्य केलेलं नाही. बातमी आल्यापासून सांगतेय, जेवायच्या टेबलावर मी माझ्या बाजूला काय हवं ते स्वतंत्र करावं, तिच्या बाजूला चालणार नाही. आता मी संध्याकाळी त्या बेसिमला चहाला बोलावलंय. त्याला कुठल्या बाजूला बसवू?"

मागून रत्नाकाकूंचा आवाज आला, "अहो, फोन ठेवा आता! आणि त्याला विचारा, साबुदाण्याची खिचडी चालते का."