छत्तीस टोपल्या

कोंडिबांनी विणलेल्या बांबूच्या टोपलीचं रिकामं वजन सरासरी सहाशे वीस ग्रॅम भरत होतं. मी छत्तीसच्या छत्तीस टोपल्या काट्यावर ठेवून पाहिल्या. सर्वांत हलकी आणि सर्वांत जड यांच्यात फक्त बावीस ग्रॅमचा फरक होता. भोरच्या कॉलेजात एकतीस वर्षं रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेऊनही एवढी अचूकता मी एकाही वर्गात पाहिली नव्हती. मी तसं कोंडिबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्याडम, टोपली वजनाला नसती वो. टिकायला असती."

हे वाक्य मी तेव्हाच गांभीर्याने घ्यायला हवं होतं.

टोपल्या प्रद्युम्नच्या होत्या, म्हणजे त्याने मागवलेल्या. प्रद्युम्न माझा जुना विद्यार्थी. कापूरहोळजवळ त्याचा रबराच्या रिंगा करायचा कारखाना आहे. पंपांत, मशिनांत गळती होऊ नये म्हणून बसवतात त्या. दर दिवाळीला तो ज्यांना रिंगा पुरवतो त्या पस्तीस कंपन्यांना सुक्या मेव्याचे खोके पाठवायचा. निवृत्तीनंतर मी आंबवड्याच्या पुढच्या एका वाडीत बायकांच्या बचत गटाला मदत करते, हे कळल्यावर तो घरी आला. "मॅडम, यंदा काहीतरी आपल्याकडचं देऊ. चिवडा, चकली, वेल्ह्याचा मध, इंद्रायणी तांदूळ. आणि सगळं टोपलीत. टोपलीचीच खरी गंमत आहे." पस्तीस टोपल्या ग्राहकांना आणि नमुन्याची एक त्याच्या केबिनमध्ये, असं ठरलं.

गटाला हे काम मिळणं फार गरजेचं होतं, आणि कारण होतं ती खोली. वाडीतलं दूध संकलन केंद्र बंद पडल्यावर त्याची पक्की, फरशीची, नळाची खोली पंचायतीने गटाला वापरायला दिली होती. पण काम असेल तोवरच. तरुण मंडळाला तिथे व्यायामशाळा हवी होती. मंडळाचा अध्यक्ष माऊली, वय वर्षं छत्तीस, याने तर डंबेल्स आणूनही ठेवली होती, आमच्याच ओसरीत, पोत्यात. ग्रामसेवकांनी स्पष्ट सांगितलं होतं: नोव्हेंबरच्या सभेत कुठल्यातरी कंपनीचं वर्षभराच्या कामाचं पत्र दाखवा, नाहीतर किल्ली माऊलीला. प्रद्युम्न म्हणाला होता, "दिवाळी नीट पार पडू दे मॅडम, लगेच पत्र देतो. वर्षभर पाहुण्यांना काही ना काही लागतंच."

म्हणून मी नीट पार पाडायचं ठरवलं. प्रत्येक टोपलीत चिवडा अडीचशे ग्रॅम, चकल्या अकरा, बेसनाचे लाडू नऊ. चिवड्याच्या पिशवीत ओल शोषणारी पुडी. मी मापं लिहून भिंतीवर लावली. सगुणाबाई भिंतीकडे पाहून चिवडा मोजायच्या आणि मग भिंतीकडे पाठ करून वर एक मूठ टाकायच्या.

"सगुणाबाई, दोनशे ऐंशी झाला."

"होऊ द्या की. मोजून का कुणी फराळ देतं? सोयरीक तुटायची."

"ते सोयरे नाहीत. कंपन्या आहेत."

"कंपनीत माणसंच बसत्यात न्हवं?" रतनबाई पलीकडून म्हणाल्या. रतनबाई गटाच्या अध्यक्ष. त्या एकदा बोलल्या की वाडीत सहसा कोणी बोलत नाही. मी मूठभर चिवड्याचं सरासरी वजन काढलं आणि भिंतीवरचा आकडा बदलला.

तुटलेल्या चकल्या माऊलीला जात. तो रोज सकाळी ओसरीत डंबेल्स उचलायला यायचा, खोलीच्या लांबी-रुंदीकडे मालकाच्या नजरेने पाहायचा, आणि सगुणाबाईंनी पुढे केलेली बशी संपवून जायचा. त्याच्या दंडांत महिनाभरात काहीही फरक पडला नाही. पोटात पडला.

नमुन्याची टोपली प्रद्युम्नकडे गेली, त्याला पसंत पडली. उरलेल्या पस्तीस पोचवायला गेनूचा टेम्पो ठरवला. टेम्पोत पुढे दोघांचीच जागा, आणि रतनबाई म्हणाल्या मीच जाणार. लेक धनकवडीला आहे, तीन दिवस तिच्याकडे राहून सगळी कामं उरकते. मी त्यांना आणि गेनूला सात सूचना लिहून दिल्या. टोपली आडवी करू नये. उन्हात ठेवू नये. पोच म्हणून सही घ्यावी. अशा सात. रतनबाईंना वाचता येत नाही, म्हणून त्या मी मोठ्याने वाचून दाखवल्या आणि त्यांनी त्या मला जशाच्या तशा म्हणून दाखवल्या. आठवी सूचना द्यावी असं माझ्या मनातही आलं नाही. जे उघडच असतं ते कोण लिहून ठेवतं?

गेनूचा निरोप रोज संध्याकाळी मोबाईलवर यायचा. 'बारा झाले.' 'चोवीस झाले.' तिसऱ्या दिवशी दुपारी, 'पस्तीस झाले. निघालो.' सह्यांचे फोटोही आले. सगळ्या सह्या बरोबर होत्या.

चारच्या सुमाराला टेम्पो खोलीसमोर थांबला. रतनबाई उतरल्या, पदर खोचला आणि मागचं फळकं पाडलं. आत पस्तीस टोपल्या होत्या.

मी एकदा मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"रतनबाई, दिल्या नाहीत?"

"आता गं बया! सगळ्या दिल्या. सह्या न्हाई का पावल्या?"

"मग या काय आहेत?"

"टोपल्या." त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. "ऊन लागलं का म्याडम तुमास्नी?"

हळूहळू उलगडा झाला. रतनबाईंच्या आयुष्यात फराळ असंख्य वेळा या घरातून त्या घरात गेला होता, आणि प्रत्येक वेळी भांडं परत आलं होतं. फराळ द्यायचा असतो. भांडं आपलं असतं. त्यात या तर कोंडिबांच्या टोपल्या, भाताच्या खळ्यावर दहा वर्षं टिकतील अशा. त्या कोणी देऊन टाकेल, हे त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. त्यांनी प्रत्येक ऑफिसात टोपली दिली, सही घेतली, आणि समोरच्या खुर्चीवर बसून सांगितलं, "रिकामी करून द्या. मी थांबते, घाई न्हाई."

"आणि त्यांनी करून दिली?"

"न देऊन सांगतात कुणाला? पर म्याडम, काय गरिबी वो त्या कंपन्यांत! एवढाल्या काचा लावल्यात, पर घरात एक परात न्हाई. एका पोरीनं लाडू टेबलावर पेपर हातरून ठेवले. एक लाडू गडगडत गेला थेट साहेबाच्या दारापत्तोर. साहेब भायेर आला, उचलला, खाल्ला. चांगला मानूस."

गेनू टेम्पोला टेकून उभा होता. "भोसरीत तर वाचमननं हेल्मेट पुढं केलं. म्हणला, चिवडा ह्यात वता."

"तू काही बोलला नाहीस?"

"म्या काय बोलू? सूचनेत टोपली ठिवून यायचं न्हवतं."

हे खरं होतं.

मी पहिली टोपली उतरवली. ती हलकी नव्हती. आत सोनपापडीचा खोका होता.

"मंग?" रतनबाई म्हणाल्या. "रिकामी कोण देतं? शिकली-सवरलेली मानसं हायेत ती."

एकही टोपली रिकामी नव्हती. पस्तीस कंपन्यांतल्या माणसांकडे एक बाई समोर बसून टोपली परत मागत होती, आणि परत देताना त्यांचाही हात रिकामी टोपली द्यायला धजला नव्हता. सोनपापडीचे अकरा खोके निघाले. उघडच ते दुसऱ्या कोणीतरी त्यांना दिलेले होते. डायऱ्या, पेनं, एका देवस्थानाचा अंगारा, केळ्याचे वेफर्स, तुळशीचं रोप, दोन स्टीलचे डबे, स्पॅनरांचा एक नवा संच. एका टोपलीत कोणाच्या तरी जेवणाच्या डब्यातली गरम असताना बांधलेली पुरणपोळी. मी सवयीने प्रत्येक वस्तूवर पेन्सिलीने टोपलीचा क्रमांक टाकत गेले. चौदाव्या टोपलीतल्या सोनपापडीच्या खोक्याचा कोपरा चेपलेला होता. त्यावर मी १४ लिहिलं.

तेवढ्यात प्रद्युम्नचा फोन आला. तो तीन दिवस राजकोटला मशीन बघायला गेला होता आणि नुकताच परतला होता.

"मॅडम," तो अतिशय सावकाश म्हणाला, "माझ्या फोनवर चकल्यांचे फोटो आलेत. व्हिजिटर रजिस्टरवर ठेवलेल्या चकल्यांचे."

"ये," मी म्हटलं. "टोपल्या इथेच आहेत."

"इथेच म्हणजे?"

"पस्तीसच्या पस्तीस."

 मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

त्याला यायला पाऊण तास लागणार होता. तेवढ्यात ओसरीत माऊली आला होता. त्याने आत डोकावून टोपल्या पाहिल्या, आमचे चेहरे पाहिले, आणि खिशातून टेप काढून दाराची रुंदी मोजली.

"माऊली," रतनबाई म्हणाल्या, "मेलेल्याचं तेरावं तरी होऊ दे की रं."

प्रद्युम्न आला तेव्हा त्याचा चेहरा अकरावीत प्रयोगशाळेतली काचेची ब्युरेट फोडल्यावर व्हायचा तसा झाला होता. माझ्यासमोर त्याला ओरडता येत नव्हतं आणि रतनबाईंसमोरही येत नव्हतं, त्यामुळे तो भिंतीवरच्या मापांकडे पाहून बोलू लागला. "भेट दिली आणि भांडं काढून घेतलं! लोक काय म्हणतील? प्रद्युम्न दिवाळं काढून बसला म्हणतील. मावशी, टोपलीच तर भेट होती!"

"टोपली?" रतनबाईंना हे खरंच नवीन होतं. "मंग फराळ कशाला केला एवढा?"

तो माझ्याकडे वळला. "मॅडम, मी पत्राचं बोललो होतो, पण आता..."  बाहेर माऊलीने टेप मिटल्याचा आवाज आला.

चूक माझी होती आणि मी ते सांगितलं. "आठवी सूचना राहिली. रतनबाईंचा दोष नाही." मग दुसरं काही सुचेना, म्हणून मी उरलेल्या टोपल्या रिकाम्या करू लागले. एकोणिसाव्या टोपलीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक काळी रिंग होती आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी प्रद्युम्नच्या नावाची होती, म्हणून त्याला दिली.

त्याने ती वाचली. मग भिंतीला टेकून तो फरशीवर बसला.

"तळेगावचे आहेत," तो म्हणाला. "माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक." चिठ्ठी त्याने माझ्याकडे दिली. 'तुमची ही रिंग तेलात फुगते. सहा महिन्यांत चार ईमेल केले, उत्तर नाही. दिवाळीनंतर दुसरीकडून माल घ्यायचं ठरवलं होतं. आज तुमच्या या मावशी समोर बसल्या आहेत, टोपली रिकामी देता येत नाही, म्हणून शेवटचं सांगतो.'

"ते व्हय!" रतनबाई म्हणाल्या. "लई चिडला होता तो साहेब. म्या म्हणलं, जे काय आसंल ते टोपलीत टाका, मी पोचवते. मी कुणाचं वाचत न्हाई. मला येतच न्हाई."

मी रिंग हातात घेतली. मूळ मापापेक्षा ती स्पष्ट जाड झाली होती. "प्रद्युम्न, नैसर्गिक रबर तेलात फुगतं. तिथे नायट्राइल रबर लागतं. हे बारावीला होतं."

"माहितीये मॅडम. कच्चा माल बदलला ते पर्चेसवाल्याने मला सांगितलंच नाही. आणि ईमेल पण त्याच्याकडेच जातात." तो उठला आणि उरलेल्या टोपल्या स्वतःच उपसू लागला. आणखी तीन चिठ्ठ्या निघाल्या. एक माल उशिरा येतो म्हणून. एक पॅकिंग ओलं असतं म्हणून. तिसऱ्या चिठ्ठीत एवढंच होतं: 'चकली कोणी केली? नंबर द्या.'

"म्या केली," सगुणाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या.

प्रद्युम्न बाहेर जाऊन अर्धा तास तळेगावशी फोनवर बोलला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा ब्युरेट न फोडलेल्या मुलासारखा होता. दिवाळीनंतर नवा माल तपासून घेऊ म्हणाले होते. त्याने पुरणपोळी मागून घेतली, उभ्यानेच खाल्ली, आणि मी दिलेले सोनपापडीचे दोन खोके बगलेत मारून तो निघाला. पत्राचं तो काही बोलला नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

रतनबाई मात्र दारात आडव्या झाल्या. "साहेब, पस्तीस आल्या. छत्तिसावी कुठंय?"

"ती... ती माझ्या केबिनमध्ये आहे, मावशी. त्यात मी फायली ठेवतो."

"फायली भायेर काढा. आनि टोपली धाडून द्या."

"अहो, पण ती मला दिलेली..."

"रिकामी नका धाडू," रतनबाई म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

नोव्हेंबरच्या सभेच्या आदल्या दिवसापर्यंत काहीच आलं नाही. सभेच्या सकाळी ओसरीतलं डंबेल्सचं पोतं सुटलेलं होतं आणि माऊलीने खोलीच्या दारात नारळ आणून ठेवला होता. मी ग्रामसेवकांना काय सांगायचं ते मनात तीनदा जुळवलं. तिन्ही वेळा वाक्य अपुरं राहत होतं. साडेदहाच्या एसटीतून कंडक्टरने खिडकीतून हाक मारली, "रतनबाई कोन? टोपली आलीय."

टोपलीत तीन वस्तू होत्या. नव्या मालाची एक काळी रिंग, सोबत चिठ्ठी: 'आठ दिवस तेलात ठेवली, फुगली नाही. मॅडमनी तपासावी.' त्याखाली लेटरहेडवरचं पत्र. प्रद्युम्न रबर वर्क्सला वर्षभर, दर महिन्याला बारा टोपल्या. टोपल्या रतनबाईंनी स्वतः ग्राहकांकडे पोचवाव्यात आणि त्याच दिवशी परत आणाव्यात. सही, शिक्का, तारीख. आणि सगळ्यांत खाली सोनपापडीचा एक खोका, एक कोपरा चेपलेला, त्यावर पेन्सिलीने माझ्याच अक्षरात १४.

सभेत पत्र वाचून झालं तेव्हा माऊलीने मुकाट्याने नारळ उचलला. सगुणाबाईंनी त्याच्या हातातून तो घेतला, फोडला, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा त्यालाच दिला. डंबेल्स आता आत असतात. चकलीच्या डब्यांच्या झाकणांवर ठेवायला ती बरी पडतात, आणि माऊली सकाळी ती उचलून बाजूला ठेवतो, एवढा त्याचा व्यायाम होतो.

दुपारी रतनबाई छत्तिसावी टोपली घेऊन उभ्या होत्या.

"आता काय?"

"साहेबच म्हणले न्हवं, ही त्यास्नी दिल्याली हाये म्हणून. मंग त्यांचीच झाली की. परत धाडाया नगं?" त्यांनी खोलीभर नजर फिरवली. चकल्या संपल्या होत्या. चिवडाही नव्हता. "पर रिकामी कशी धाडू?"

मी सोनपापडीचा खोका उचलला, पेन्सिलीने १४ च्या खाली बारीक अक्षरात 'दुसरी फेरी' असं लिहिलं आणि टोपलीत ठेवला. टोपली आडवी होणार नाही अशी.