भावोजी कुठे जेवतात

नवरा घरी जेवत नाही आणि तरी वाळत नाही, म्हणजे तो दुसरीकडे जेवतो, एवढं गणित कुठल्याही बायकोला येतं. दुसरीकडे म्हणजे नेमकं कुठे, हे शोधायला बाकीच्या बायका फोन तपासतात. माझ्या ताईने केस तपासले.

तिचं कामच ते. वनसंशोधन संस्थेत ती एक खोलीभर पसरलेलं मशीन सांभाळते. त्यात पान, माती, काहीही टाका, त्यातला कार्बन कुठून आला ते कळतं. भावोजी त्याच संस्थेच्या जंगलात मातीचा श्वास मोजतात. जमिनीवर झाकण ठेवायचं आणि खालून किती वायू येतो ते बघायचं. पगार मिळतो याचा.

भावोजींनी मला हे प्रकरण एकदा समजावलं होतं. झाड हवेतल्या कार्बनची साखर करतं. तिचा एक वाटा मुळांना बिलगलेल्या बुरशीला जातो. बुरशी त्या बदल्यात पाणी आणि फॉस्फरस आणून देते, आणि तिच्या धाग्यांवाटे बराच कार्बन जमिनीत मुरतो, तो पिढ्यान्‌पिढ्या तिथेच. हे धागे बुटांखाली चिरडू नयेत म्हणून भावोजी अनवाणी काम करतात. संस्थेत याला निष्ठा म्हणतात. घरी ताई म्हणते, "आधी पाय धू."

यंदा त्यांनी एका जुन्या झाडाच्या फांद्यांना प्लास्टिकची मोठी पिशवी बांधली आणि आत जड कार्बनचा वायू सोडला. हा कार्बन नेहमीच्यापेक्षा जरा वजनदार, त्यामुळे त्याची साखर झाली तरी तो ओळखू येतो. ती साखर जमिनीखाली कुठवर पोचली, हे मग ताईचं मशीन सांगणार.

तेव्हापासून भावोजींचे डबे भरलेले परत येऊ लागले.

"ऑफिसातली ती नवी बाई असणार," ताई म्हणाली. "काय खाऊ घालते ते बघतेच. माणूस खातो तेच केसात उतरतं. नुसता मका घातला असेल तरी कळेल."

कंगव्यातले केस मशीनमध्ये गेले. निकाल बघून तिने मला फोन केला. आवाज इतका शांत होता की त्यापेक्षा ती नवी बाई परवडली असती.

"मका नाहीये. झाड आहे."

"म्हणजे पालेभाजी?"

"मूर्खा, ते झाड."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही जंगलात गेलो. भावोजी झाडाखाली डोळे मिटून बसले होते. पाय घोट्यापर्यंत पाचोळ्यात.

"या मेहुणे!" ते हसले. तोंडात दात मोजकेच उरले होते.

"दात कुठे गेले?" ताईने विचारलं.

"झाडाला फॉस्फरस लागतो ना, तो दाता-हाडांत असतो. फुकट कोण जेवू घालतं?"

ते उठून उभे राहिले. एके काळी दारातून वाकून येणारा हा माणूस आता ताईच्या खांद्याला लागत होता.

"घरी चल," ताई म्हणाली.

"भूकच लागत नाही गं. इथे मागावंही लागत नाही."

ताई रडली नाही. ती शेडमधून दोन फावडी घेऊन आली. बुरशीचा संबंध तोडून बघायचा असेल तर भोवती चर खणतात, संस्थेची पद्धतच आहे. फक्त मधोमध माणूस नसतो. आम्ही भावोजींभोवती गोल खणू लागलो. ते पुन्हा बसले आणि सूचना करत राहिले.

"अजून खोल घ्या. धागे खालून निसटतात."

गोल पूर्ण झाला तेव्हा पानसुद्धा हललं नाही. फक्त शेजारच्या झाकणावरचा आकडा भराभर उतरला आणि शून्यावर थांबला. मातीने श्वास रोखला होता. मीही.

"भूक लागली," भावोजी म्हणाले.

तेव्हा मात्र ताईला रडू फुटलं. तिने डबा उघडला, घास हाताने कुस्करून मऊ केला आणि त्यांना भरवला. भावोजींनी डबा पुसून खाल्ला.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो. भावोजी जेवणाच्या टेबलाशी बसले होते, गाल वर आलेले, तब्येत झकास. शेजारी खिडकीतल्या उन्हात ताई. बाह्या वर सारलेल्या, तोंड उजेडाकडे. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरलेलं.

"काय हाल करून घेतलेस! जेवतेस की नाही?"

"इच्छा नसते रे. पण हा बघ कसा झालाय! आता कुठेच जात नाही."

"पुन्हा केस तपासलेस?"

"तपासले ना." तिच्या चेहऱ्यावर नव्या नवरीचं तेज आलं. "झाडाचा अंशसुद्धा नाही. सगळी मीच आहे."

खुर्ची ओढताना मी खाली बघितलं. टेबलाखाली ताईचा अनवाणी पाय भावोजींच्या पावलावर टेकलेला होता. बोटांच्या बेचक्यांतून पांढरे, केसाहून बारीक धागे इकडून तिकडे गेले होते. कुणीतरी सावकाश, मन लावून शिवल्यासारखे.

"ताई, हे आपण..."

"हात लावशील तर याद राख," ती म्हणाली, आणि मग नेहमीच्या मायेने, "चहा घेशील ना? तूच टाक बाबा, मला उठता येत नाही."

मी चहा केला. दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन प्यायलो.