कळी धरलेला हरभरा

"मुठीत काय लपवून राह्यली वं सारिका?"

शेजारच्या ओळीतल्या तानाबाईच्या नजरेतून काही सुटेल तर शपथ! मी म्हटलं, "काई नाई, अळी होती," आणि मुठीतलं बांधावर, धुऱ्याकडे भिरकावलं. अळी नव्हती ती. हरभऱ्याचा शेंडा होता, आणि त्याच्या पोटात तांदळाएवढी जांभळट कळी.

सकाळचे आठ वाजले होते. पिंपळगाव राजाच्या रस्त्याला लागून नारायणरावांचं चार एकर आहे, त्यात आम्ही बारा जणी वाकून शेंडे खुडत होतो. हरभरा महिन्याचा झाला की त्याचा शेंडा खुडतात. वरची वाट बंद झाली की झाड हट्टाला पेटतं, बाजूने चार-पाच फांद्या काढतं आणि घाटे भरभरून धरतं. खुडलेली भाजी आमची, फुटवा मालकाचा. मजुरी कुणी मागत नाही, कुणी देत नाही. मात्र हे सगळं कळी धरायच्या आत व्हायला हवं. कळीसकट शेंडा गेला की झाडाची मेहनत मातीत जाते.

ती वेळ ओळखायचं काम माझ्या सासूबाईंचं, सत्यभामाबाईंचं. बावीस वर्षं खुडणाऱ्या बायकांची टोळी त्यांची. त्यांनी पहिला शेंडा मोडल्याशिवाय गावात कुणी हरभऱ्याला नख लावत नाही, आणि त्या चंपाषष्ठीच्या आधी मोडत नाहीत. पहिली भाजी खंडोबाला, मग माणसांना.

पण यंदा पाऊस भादव्यातच तोंड फिरवून गेला. ओल जाईल म्हणून नारायणरावांनी पंधरा दिवस आधी पेरलं. त्यात थंडीचा पत्ता नाही, दुपारी पंखा लावावा लागतो. तहानलेल्या झाडाला घाई सुटते. वाढायचं सोडून ते फुलायला बघतं, जाण्याआधी चार दाणे तरी मागे राहावेत म्हणून. पेरणी सरकली, झाडं सरकली, फक्त आमची चंपाषष्ठी जिथल्या तिथे राहिली. नारायणरावही तिचीच वाट बघत बसले होते, आणि आम्हीही. ती काल झाली, आणि आज शेताला हात लागला.

मग मी बोलले का नाही? बी.ए. झालेली सून, तोंडाने कुणाला न हरणारी, गप्प का बसले?

कारण सासूबाईंना कळी दिसली नव्हती. त्यांना आता काहीच धड दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिवाळीत त्या चुलीऐवजी भिंतीलाच लाकूड सारत होत्या, तेव्हा मला कळलं. दंडाला धरून म्हणाल्या, "कोनाले सांगशीन त पाय! टोळी गेली का मी घरात बसून काय करू? माश्या मारू?" ऑपरेशनला चला म्हटलं, की नंतर पाहू. आणि आता मी "थांबा, कळी आहे" म्हटलं असतं, तर तानाबाईने लगेच विचारलं असतं, मग सत्यभामाबाईला कशी दिसली नाही?

म्हणून मी खुडत राहिले. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट पाण्याने, आंबेने, बोटं चरचरत होती. दर ओळीला वाटे, आता बोलते. दर ओळीला कळ्या वाढत होत्या. दोन कळ्या मी मातीत दाबल्या, देवाशपथ सांगते, चोरासारख्या. टोळीतल्या बाकीच्या ओट्या भरण्याच्या नादात होत्या. भाजी दुपारच्या गाडीने खामगावच्या बाजाराला जायची होती, मान वर करायला वेळ कुणाला?

बारा वाजता अर्धं शेत उरकलं. बाभळीखाली भाकरीची फडकी सुटली. सासूबाईंनी ओटीतली मूठभर भाजी घेतली, कांदा-मिरची-मीठ टाकून तळहाताने चोळली, भाकरीवर घेतली. पहिला घास तोंडात गेला आणि त्यांचा जबडा थांबला.

जिभेने त्यांनी काहीतरी पुढे आणलं, बोटावर घेतलं, बोटाने चुरून पाहिलं.

"कयी हाये यात."

तानाबाई हसली. "गवत आलं असंन बुढे, खाय मुकाट्यानं."

"चाळीस वर्षं खाऊन राह्यली, मले नोको शिकवू." त्यांनी भाकरी खाली ठेवली. "कयी धरली शेतानं. कोनालेच दिसलं नाई?"

सगळ्याजणी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी हातातली भाकरी फडक्यावर ठेवली.

"मले दिसली होती, आत्याबाई," मी सासूबाईंना म्हटलं.

"कवा?"

"पह्यल्याच ओळीत."

"मंग बोलली काऊन नाई?"

मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या धुरकट डोळ्यांना माझा चेहरा दिसत नसला तरी माझं गप्प राहणं बरोबर ऐकू आलं. त्या उठल्या, कमरेची ओटी सोडली आणि सगळी भाजी धुऱ्यावर ओतली.

"टाका वं साऱ्याजनी. ही भाजी आपली नोहे."

"वा गं वा! सकायपासून कंबर मोडली, आन् खामगावची गाडी?" तानाबाई उसळली.

"चूक झाली त तिचं खाऊ नये. टाक."

कुरकुरत का होईना, टाकली सगळ्यांनी. हिरवागार ढीग झाला. तेवढ्यात नारायणराव मोटरसायकलवरून आले. ढीग पाहून त्यांना वाटलं, काम जोरात चाललंय.

"नारायणभाऊ," सासूबाई म्हणाल्या, "अर्धं शेत कयीवर खुडलं म्या. मले दिसलं नाई. मले दिसतच नाई आता. पोरीनं पाह्यलं, पन माह्या भेवानं बोलली नाई. तिले काई म्हनू नोका."

नारायणरावांनी दोन-चार शेंडे उचलून पाहिले. त्यांचा चेहरा उतरला. "काय केलं हे, बाई! तुमच्या भरोशावर..." ओरडले असते तर बरं झालं असतं. खुडलेल्या ओळींकडे बघत म्हणाले, "थंडी पडली त फुटंन बी पुन्हा. उरलेलं राहू द्या तसंच."

"फुटंन," सासूबाई म्हणाल्या, "पन वेळ गेला त्याचा."

परत निघालो. बायका पुढे, रिकाम्या ओट्या झटकत, कुजबुजत. मी मागे, मान खाली घालून. एवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला. सासूबाईंचा. आंबेने चिरलेला, खरखरीत. माझ्या लग्नानंतरच्या सहा वर्षांत त्यांनी माझा आधार कधी घेतला नव्हता. जिना असो की चिखल, मरतील पण हात धरणार नाहीत.

"ढेकळं आली त सांगजो," त्या म्हणाल्या.

"हाव."

शेतांमधली पांदण संपली, गावातला मारुतीचा पार आला. पारावर माणसं बसलेली होती. मला वाटलं, आता हात काढतील. दुकानावरून गेलो, पिठाच्या गिरणीवरून गेलो, बायका दारात उभ्या राहून पाहायला लागल्या.

हात खांद्यावरच होता.