पद संपेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. घाबरू नका, मारायची नव्हे, ताल धरायची! नंजनगूडच्या एका सुताराने मला शिसवी लाकडातून घडवले. मैसूरच्या कृष्णवेणीबाई भरतनाट्यम शिकवताना मला लाकडी पाटावर आपटत. माझ्या ठेक्यावर कितीतरी पोरींचे पाय तयार झाले, म्हणून मी जरा तोऱ्यातच असे.

पण प्रेमाचे पद सुरू झाले की बाई मला खाली ठेवत. बसल्या जागी गात गात, नुसत्या डोळ्यांनी त्या प्रियकराची वाट पाहणारी नायिका दाखवत. पद चालू असताना कोणी आत-बाहेर करायचे नाही, असा त्यांचा कडक नियम होता. मलाही गप्प पडून राहावे लागे, आणि ते माझ्या फार जिवावर येई.

बाईंचे यजमान चिदंबरराव शिंपी होते. मुलींचे नाचाचे पोशाख तेच शिवत. संध्याकाळी दुकान बंद करून आले आणि आत पद चालू असले, की ते बाहेर पायरीवर बसून राहत. पुन्हा माझा ठेका ऐकू आला की मगच आत येत.

"अय्यो, आजपण बाहेरच बसलात?" बाई हसत.

"असू दे की. तुझ्या नायिकेची वाट बघून झाली काय?" ते विचारत.

गेल्या वर्षी चिदंबरराव वारले. बाईंनी पद शिकवणेच सोडले. मग सगळा वेळ मीच वाजू लागले. पूर्वी मला हेच हवे होते, आता मात्र नकोसे झाले.

अशात बाईंची शिष्या हरिणी हिचा रंगमंचावरचा पहिला कार्यक्रम जवळ आला. पदाशिवाय तो व्हायचा कसा?

"टीचर, एक तरी पद शिकवा की, प्लीज," ती रडकुंडीला आली.

बाईंनी मला खाली ठेवले आणि गायला सुरुवात केली. प्रियकर उशिरा येतो आणि नायिका रुसून पाठ फिरवते, असा प्रसंग होता. हरिणीने झोकात पाठ फिरवली. तोच बाईंचा आवाज थांबला. पद अर्धवट टाकून त्या उठल्या आणि त्यांनी दार उघडले. पायरी रिकामी होती.

"यारु टीचर? कोण आलं?"

"कोणी नाही ग." बाई दाराशीच उभ्या राहिल्या. "तू रुस, पण आधी दार उघड. मला ते कळलंच नाही बघ."

मग त्यांनी पद पुरे शिकवले, पण नंतर मला उचलले नाही. ठेका वाजला असता आणि आत कोणीच आले नसते.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही, लाकूड टिकते. पण तुमच्या पायरीवर आपले माणूस बसले असेल, तर ताल चुकला तरी चालेल, त्याला आधी आत बोलवा.