पारीतले मीठ

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. पण मला स्वयंपाकघरात शोधू नका. माझी जागा गोठ्यात, गव्हाणीवरच्या खुंटीला आहे.

अकोल्याच्या एका लोहाराने मला ठोकून ठोकून घडवले. सूर्यभानने मला घरी आणले तेव्हा वाटले, आता चुलीवर मिरवायचे. कसचे काय! त्या घरात कोंबडी शिजायची ती अंगणातल्या चुलीवर, पुरुषांच्या हातची, आणि फक्त माझ्यातच. म्हणून मला उंबरठ्याच्या आत मज्जाव. सूर्यभानची आई पार्बताबाई माळकरी. माझ्याजवळून जातानाही ती लुगडे सावरून घ्यायची. खरे सांगते, मला तिचा फार राग यायचा.

पुढे सातासमुद्रापार कुठे तरी लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. घरात पितळेची नवी भांडी आली. माझी आठवण व्हायची ती गाड्या अकोटच्या बाजाराला निघायच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी गाडीवानांना कोंबडीचे जेवण असे. "कढई हाये म्हून रस्सा हाये," असे म्हातारा जानराव गाडीवान म्हणायचा. तेवढ्यावर मी महिनाभर खूश.

अशाच एका साली सूर्यभानची बायको सुभद्रा आजारातून उठली होती. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. पदरात तीन महिन्यांचे लेकरू, आणि ही दोन घास खाऊन ताट सारायची. दूध आटत चालले. बाळ रडून रडून थकायचे. वैद्याने स्पष्टच सांगितले होते, आईच्या पोटात अन्न गेले नाही तर बाळाचे खरे नाही.

सूर्यभान पहाटे गाड्या घेऊन निघाला. मडक्यात कालची थोडी कोंबडी उरली होती. "माय, तिले काही तरी खाऊ घाल वं," एवढेच तो म्हणाला. दुपारी अवकाळी पाऊस आला आणि अंगणातली चूल विझून चिखल झाली.

पार्बताबाई गोठ्यात आली. माझ्याकडे बघत बराच वेळ उभी राहिली. मग तिने गळ्यातली माळ पदराखाली झाकली, मला खुंटीवरून काढले आणि सरळ स्वयंपाकघरात नेले! माझा तर विश्वासच बसेना.

सुभद्रेला निखाऱ्यांवर भाजलेले कणकेचे जाड रोडगे फार आवडायचे. म्हणून म्हातारीने तेलाचे मोहन घालून जाडसर कणीक मळली. तिची एक मोठी पारी लाटून माझ्यात अंथरली. तोंड फिरवून कोंबडीची हाडे वेगळी केली आणि मसाल्यात माखलेले मांस पारीवर पसरले. वर दुसरी पारी ठेवून करंजीसारखी मुरड घातली. खाली गोवऱ्यांची आच, वर झाकणीवर निखारे. हळूहळू कणीक भाजल्याचा खमंग वास घरभर पसरला.

तिने खरपूस तुकडा मोडून सुभद्रेपुढे धरला.

"मले नोको आत्याबाई, तोंडाले माती लागते."

"तुले कोन देते? सूर्यभान परत येईन, त्याच्यासाठी करून राहिली मी. पन मी हे चाखत नाई. मीठ-मिरची तूच पाहून सांग."

सासूचे काम म्हणून सुभद्रेने घास घेतला. चावला. पुन्हा चावला.

"आत्याबाई, पारीत मीठच नाई!"

"काहून नाई? नीट पाह्य. अजून एक घास घे."

"खरंच नाई वं. आतली कोंबडी बरोबर हाये, वरचं अळणी हाये."

घास घेत घेत तिने अर्धा रोडगा संपवला. पार्बताबाई चुलीकडे तोंड करून डोळे पुसत होती. सुभद्रेला वाटले, धुराने. मी मात्र सारे पाहिले होते. कणीक मळताना म्हातारीने चिमूटभर मीठ हातात घेतले होते आणि विचार करून परत बरणीत टाकले होते. ज्या तोंडाला मीठ नसल्याचे कळते, त्या तोंडाची चव परत आलेली असते.

पार्बताबाईने मला राखेने लख्ख घासले, स्वतः विहिरीवर आंघोळ केली आणि मला पुन्हा खुंटीला अडकवले. पण त्या दिवसापासून मला तिचा राग आला नाही.

आज मला गंज चढला आहे, तळाला भोकही पडले आहे. मला घासूनपुसून ठेवलेत तर बरेच वाटेल. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी न जेवता ताट सारले, तर आधी त्याच्याजवळ बसा. आणि हळूच विचारा, "जरा मीठ पाहून सांगता का?"